दुसरा गुडघा: पहिल्या वेळची नक्कल नको

डोंबिवलीतल्या एका काकूंकडे ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मी जिन्याचा सराव घ्यायला गेले होते. उजवा गुडघा तीन वर्षांपूर्वी बदललेला, आता डावा. मी काही सांगायच्या आत "मला माहितीये गं सगळं" म्हणत त्यांनी डावा पाय वरच्या पायरीवर ठेवला आणि जोर दिला. पाय लटपटला. मी कमरेचा पट्टा धरून उभी होते म्हणून निभावलं. तीन वर्षांपूर्वी डावा हाच त्यांचा चांगला पाय होता, आणि शरीराच्या ते पक्कं लक्षात होतं.

घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना दुसऱ्या गुडघ्याचे पेशंट मला पहिल्यापेक्षा जास्त सावध राहून सांभाळावे लागतात. पहिल्या वेळी घर घाबरलेलं असतं, म्हणून सगळं विचारून करतं. दुसऱ्या वेळी कोणी विचारत नाही. तपासण्या उशिरा होतात, माळ्यावरचा वॉकर तसाच खाली येतो, मुलगा चारच दिवसांची रजा टाकतो. मधल्या काळात वय वाढलेलं असतं, गोळ्या बदललेल्या असतात आणि बाजू तर उलटी झालेलीच असते.

हा लेख एक गुडघा काही महिन्यांपूर्वी किंवा वर्षांपूर्वी बदलून झालेल्यांसाठी आहे. एकदाच दाखल होऊन चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन्ही करून घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. बसवलेला सांधाच खराब झाल्यावर करतात ती शस्त्रक्रियाही वेगळी.

१. आधी पहिल्या गुडघ्याची परीक्षा

दुसऱ्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे बराचसा भार आधी बदललेल्या गुडघ्यावर येणार आहे. म्हणून सुरुवात त्याच्यापासून. घरी करता येतील अशा तीन गोष्टी:

पलंगावर पाय लांब करून झोपा आणि गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा. खाली हाताचा पंजा सहज जात असेल तर पाय पूर्ण सरळ होत नाहीये. मग खुर्चीत बसून टाच मागे न्या. गुडघा काटकोनाच्या बराच पुढे वाकायला हवा. शेवटी, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसा. शेजारी कोणीतरी उभं हवंच.

थोडासा कडकपणा, गुडघे टेकून बसताना विचित्र वाटणं, टाक्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, हे बऱ्याच जणांना राहतं. त्याने अडत नाही.

*थांबा:* पहिला गुडघा वर्षानंतरही रात्री ठणकत असेल, हाताला गरम लागत असेल, मधूनच सुजत असेल किंवा टाक्याच्या जागी पाणी येत असेल, तर दुसऱ्याचा विषय बाजूला ठेवा. सर्जनकडे जाऊन संसर्ग नाही ना, सांधा सैल झालेला नाही ना, याची खात्री आधी करा. एका सांध्यात जंतू असताना दुसरा बसवणं म्हणजे दोन्ही धोक्यात घालणं.

२. दुखणं गुडघ्याचंच आहे ना?

"एक झाला, आता दुसराही गेला असणार" हे घरातलं निदान असतं. साठीनंतर एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या गुडघ्यात झीज दिसतेच. कळ तिथूनच येते आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

खुब्याचा सांधा झिजला की दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. मोजे घालताना किंवा पायाची नखं कापताना जांघेत कळ येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कमरेतून निघून मांडीवरून खाली उतरणारी चमक, मुंग्या आणि बधिरपणा असेल तर मणक्याकडे पाहायला हवं.

एक्स-रे उभं राहून, दोन्ही पायांवर भार देऊन काढलेला हवा. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट खरी असते त्यापेक्षा मोकळी दिसते. दोन वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन गेलात तर सर्जन नवीन सांगणारच, तेव्हा तो काढूनच जा.

३. आता की नंतर?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सावकाश.

एका बाजूला घाई असते. पॉलिसी संपत आली, मुलगी अमेरिकेतून महिनाभरासाठी आली आहे, "करूनच टाका, परत परत नको." दुसऱ्या बाजूला पहिल्या वेळच्या वेदना आठवतात, आणि चार पावलं टाकल्यावर कठडा धरावा लागतो तरी "अजून चालतंय" चालू राहतं. दोन्ही कारणं गुडघ्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

आठवडाभर एका कागदावर रोज लिहा: रात्री दुखण्याने किती वेळा जाग आली, न थांबता किती मिनिटं चालता आलं, दुखण्याच्या किती गोळ्या लागल्या, आणि दुखण्यामुळे कुठलं काम सोडून दिलं. सर्जनसमोर बसलात की "फार दुखतं हो" यापेक्षा हा कागद जास्त बोलतो. मुलांनाही दाखवा. आई मोरीत जाताना भिंतीला हात लावते, हे त्यांना पुष्कळदा त्यातूनच कळतं.

वजन कमी करणं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि हातात काठी हे तीन महिने मनापासून करून पाहिलं नसेल, आणि पाय फार वाकडा झालेला नसेल, तर थांबायला जागा आहे. त्या तीन महिन्यांत काही साधलं नाही तरी व्यायाम वाया जात नाही. ऑपरेशनच्या वेळी तेच स्नायू कामाला येतात.

फार थांबण्याचा तोटा मात्र लोकांना माहीत नसतो, म्हणून लिहिते. पहिला पाय ऑपरेशनमध्ये सरळ झाला. दुसरा अजून बाहेरच्या बाजूला वाकलेला आहे, पूर्ण ताठ होत नाही, म्हणजे तो आखूड पडतो. माणूस उभा राहिला की दोन्ही पाय समान करायला नकळत चांगला, नवा गुडघाही वाकवून ठेवतो. वर्षभर असं उभं राहिलं की मेहनतीने सरळ केलेला पहिला गुडघाही पुन्हा वाकलेला राहू लागतो. मी अशा पायांवर काम केलं आहे. फार चिवट असतात ते. शिवाय ऑपरेशनआधी गुडघा जितका वाकतो, त्यावरच नंतर किती वाकेल हे बरंचसं ठरतं. अगदी लाकूड होईपर्यंत थांबलात तर हातात येणारा गुडघाही कडकच असतो.

*तपासा:* पहिल्या ऑपरेशनला किमान तीन महिने होऊन गेले आहेत ना, आणि त्या पायावर काठीशिवाय घरात फिरता येतं ना? नसेल तर तारीख घेऊ नका.

४. जुनी फाईल शोधा

पहिल्या वेळच्या फाईलमध्ये चार गोष्टी पाहा: डिस्चार्जचा कागद, भुलीची नोंद, बसवलेल्या सांध्याचं स्टिकर आणि त्या वेळच्या रक्ताच्या तपासण्या. दवाखाना बदलणार असाल तर हे सगळं झेरॉक्स करून न्या.

कागदावर नसलेलं घरच्यांना आठवतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आजोबा भलतंच बोलत होते का? सोडियम कमी झालं होतं का? लघवी अडकून नळी परत घालावी लागली का? कुठल्या गोळीने उलट्या झाल्या? रक्त चढवावं लागलं का? हे सगळं एका पानावर लिहून भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. सर्जनना सांगितलं म्हणजे भूलतज्ज्ञांपर्यंत पोचलं, असं धरून चालू नका.

५. तीन महिने आधीची कामं

*साखर.* एचबीएवनसी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ऑपरेशनच्या आठवड्यात गोड बंद करून ती खाली येत नाही. बहुतेक सर्जन साडेसात ते आठच्या खाली मागतात. म्हणून तारीख घेण्याआधीच करा.

*रक्त.* हिमोग्लोबिन बायकांमध्ये १२ च्या आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर कारण शोधून आधी वाढवायचं. लोहाच्या गोळ्यांना आठवडे लागतात.

*गुडघ्यातलं इंजेक्शन.* "तोवर आराम पडेल" म्हणून त्या गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंत की ऑपरेशन तीन महिने पुढे गेलं असं समजा. लवकर केल्यास संसर्गाचा धोका वाढतो. दुसऱ्या डॉक्टरकडे घेतलं असेल तर लपवू नका.

*दात, त्वचा, लघवी.* किडलेला दात, पायाच्या बोटांमधली चिखल्यांची जखम, टाचेची खोल भेग, लघवीला जळजळ, सगळं आधी बरं करायचं. पावसाळ्यात तारीख असेल तर चिखल्या रोज पाहा.

*मशेरी.* हा मुद्दा मुद्दाम वेगळा. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आमच्या आज्या ठामपणे "नाही" म्हणतात आणि रोज सकाळी मशेरी लावतात. त्यांच्या लेखी ती दात घासायची वस्तू आहे. त्यातही निकोटीन असतंच, आणि निकोटीनमुळे जखम भरायला उशीर लागतो. निदान चार आठवडे आधी बंद करायची. सुनांनी, मुलींनी हा प्रश्न "मशेरी" हाच शब्द वापरून विचारावा.

*हृदय.* पहिल्या वेळचा इको आणि ईसीजी आज चालत नाही. मधल्या काळात दम लागायला लागला असेल, स्टेंट बसला असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी हवी.

६. पैशांची बाजू

ही पटकन. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली होती. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहिलेला हवा. ऑपरेशनचं एकूण पॅकेज मात्र प्रत्येक दवाखान्याचं वेगळं असतं, त्यामुळे "सांधा स्वस्त झाला ना?" असं म्हणून जुना आकडा धरू नका. रोबोटची शस्त्रक्रिया सुचवली तर तिचे जादा पैसे किती आणि त्यातले विमा कंपनी किती देईल, दोन्ही लेखी घ्या.

पॉलिसीत तीन ओळी शोधा: गुडघ्यासाठी वेगळी मर्यादा आहे का, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, आणि याच पॉलिसी-वर्षात विम्याची रक्कम आधी वापरली गेली आहे का. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली तर पुष्कळ पॉलिसींमध्ये बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. घरी येणाऱ्या फिजिओथेरपीचे पैसे काही पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांसाठी मिळतात. त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं हवं आणि पावती हवी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचं असेल तर आधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. दाखल झाल्यावर कागद जमवायला धावू नका.

७. घर उलट्या बाजूने मांडा

पहिल्या वेळी बसवलेला संडासातला दांडा उजव्या हाताला आहे? पलंगाची डावी बाजू भिंतीला लागली आहे? आता त्याचा त्रास होणार आहे.

ज्या बाजूचा गुडघा, त्या बाजूने पलंगावरून उतरणं बहुतेकांना सोपं जातं, कारण दुखरा पाय गादीवरून ओढत आणावा लागत नाही. म्हणजे पलंग सरकवावा लागेल. वॉकर ठेवून वळायला जागा हवी. त्या बाजूची तिपाई, पाण्याचा तांब्या, फोनचा चार्जर, सगळं हलवायचं. हे ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी करा आणि तसंच झोपा, म्हणजे रात्री अंधारात सवयीने भिंतीकडे पाय टाकला जाणार नाही.

माळ्यावरचा वॉकर काढलात की आधी उलटा करा आणि चारही पायांचे रबरी बूट पाहा. झिजून गुळगुळीत झालेले असतात, कधी एखादा फुटून आतली नळी फरशीला घासत असते. सर्जिकल दुकानात ते सुटे मिळतात. उंचीची खिटी पुन्हा लावा: ताठ उभं राहून हात मोकळे सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेला यायला हवी. मधल्या काळात हा वॉकर शेजारच्या कोणी नेला असेल तर उंची नक्की बदललेली आहे.

कमोडवर बसून पाहा. गुडघे कमरेपेक्षा वर जात असतील तर त्यावर बसवायची उंच सीट घ्या. खुर्ची हाताची, घट्ट बैठकीची. सोफा नको. पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून ठेवा. मोरीच्या उंबऱ्यावर रंगीत चिकटपट्टी लावा.

आणि एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: रात्री उठून कोण येणार? पहिल्या वेळी जे काका सगळं करत होते, ते आता स्वतः पंचाहत्तरीत आहेत. पहिले दहा दिवस तरी रात्रीसाठी दुसरं माणूस लागतंच.

*तपासा:* लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर डिस्चार्जच्या दिवशी वर कसं जायचं हे आधीच ठरवा. जिन्याचा कठडा चढताना कुठल्या हाताला येतो, तेही पाहून ठेवा.

८. दोन्ही पायांचा व्यायाम

लोक ऑपरेशन व्हायच्या पायाचाच व्यायाम करतात. भार मात्र दुसरा पाय घेणार आहे. रोज दोनदा, ऑपरेशनआधीचे सहा आठवडे:

दोन्ही पायांची मांडी आवळून गुडघा खाली दाबणं, पाच आकडे मोजेपर्यंत, दहा वेळा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, दहा वेळा. टाच गादीवरून मागे सरकवणं, जितकी जाईल तितकी. पहिल्या गुडघ्यासाठी खुर्चीतून उठबस, हाताचा आधार हळूहळू कमी करत. हातांसाठी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग थोडं वर उचलणं, वॉकरला तेच बळ लागतं.

शेवटच्या दोन आठवड्यांत मी पेशंटकडून जिन्याची रंगीत तालीम करून घेते. नियम साधा: चढताना आधी जुना बदललेला पाय, उतरताना आधी आत्ता ऑपरेशन होणारा पाय. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. खुर्चीत बसताना ऑपरेशनचाच पाय पुढे सरकवायचा. म्हणजे तिन्ही सवयी पहिल्या वेळच्या बरोबर उलट. डोंबिवलीच्या काकूंना शेवटी डाव्या चपलेला लाल रिबन बांधून दिली आणि जिन्यापाशी म्हणायला लावलं, "लाल मागून वर, लाल पुढून खाली." त्यानंतर चौथ्या दिवशी त्या मलाच ओरडून सांगत होत्या.

९. शेवटचा आठवडा

गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून फिजिशियनसमोर ठेवा, आयुर्वेदिक काढा आणि चूर्णांसकट. प्रत्येक गोळीपुढे "कधी बंद, कधी चालू" असं त्यांच्याकडून लिहून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काही पाच ते सात दिवस आधी थांबवतात, काही चालूच ठेवतात. स्टेंट असेल तर मनाने काहीही बंद करू नका. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही या गोळ्या घेतच नसाल, म्हणून जुन्या यादीत त्या सापडणार नाहीत.

जोडवी, बांगड्या आणि अंगठ्या घरीच काढा. चाळीस वर्षं न काढलेली जोडवी ऑपरेशनच्या सकाळी साबण लावून ओढत बसणं मी पाहिलं आहे. निघत नसतील तर चार दिवस आधी सोनाराकडे कापून घ्या. ऑपरेशननंतर पाऊल सुजतं आणि मग ती बोटात रुततात. नखांचा रंगही काढा.

गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक चिरांमधून जंतू शिरतात. ते काम दवाखान्यात मशिनने होतं. सांगितलेल्या जंतुनाशक साबणाने आंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेली चादर.

उपाशी राहण्याची वेळ दवाखाना सांगेल. साधारण नियम असा की जेवण निदान सहा ते आठ तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो जेवणासारखाच. पहाटेच्या अर्ध्या कप चहाने ऑपरेशन पुढे ढकललं गेल्याची उदाहरणं दर महिन्याला कानावर येतात.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन किंवा त्यांचे डॉक्टर पायावर पेनने खूण करतात. ती तुम्ही जागे असताना, तुम्हाला विचारून व्हायला हवी. स्वतः काही खरडू नका. आणि "कुठला पाय?" असं पाच जणांनी पाच वेळा विचारलं तरी वैतागू नका.

१०. घरी आल्यावर

गुडघ्याखाली उशी नको, कितीही बरं वाटलं तरी. उशी टाचेखाली, म्हणजे गुडघा सरळ राहतो. घोट्याची वर-खाली हालचाल जागेपणी दर तासाला. पहिल्या वेळच्या उरलेल्या दुखण्याच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घरात असतील तर फेकून द्या. या वेळची मात्रा वेगळी असू शकते.

रोज सकाळी "पहिल्या वेळी या दिवशी मी इतकं वाकवत होते" हा हिशेब सुरू होतो. आठवणीतला आकडा बहुधा चुकीचा असतो. पहिल्या फाईलमध्ये फिजिओची नोंद असेल तर ती काढून ठेवा. एका काकांना आपण दहाव्या दिवशी ११० अंश वाकवत होतो असं पक्कं आठवत होतं. वहीत ७५ होते.

पोटरी एकाच पायाची सुजून दुखू लागली, टाक्यातून पाणी किंवा पू आला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा, रविवार असला तरी. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, १०८ बोलवा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. जाताना या वेळचा डिस्चार्जचा कागद सोबत घ्या. घाईत हाताला जुनीच फाईल लागते, म्हणून नवीनवर मोठ्या अक्षरांत "डावा" किंवा "उजवा" लिहून ती दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा.